ग्रँटकाकांची शेवटची फेरी

ग्रँटकाका अर्ज उभ्यानं वाचायचे. मिशिगनच्या राज्य लायब्ररी ऑफिसात खुर्च्या चांगल्या होत्या, पण अर्जांचा गठ्ठा आला की ते खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे. "बसून वाचलं की झोप येते," म्हणायचे, "आणि झोपेत माणूस पटकन नाही म्हणतो."

ते नागपूरचे. नव्वदच्या दशकात मी त्यांच्या हाताखाली लागले. मी नोव्हाय गावाहून ऑफिसला रोज ड्राइव्ह करायचे. वॉशिंग्टनहून लायब्रऱ्यांसाठी आलेला पैसा, म्हणजे फेडरल ग्रँट, राज्य गावोगावी वाटायचं. कोणत्या गावाला द्यायचा, ते काका सुचवायचे; म्हणून ते ग्रँटकाका. त्याआधी स्वतः जाऊन यायचे. तसा नियम नव्हता. "फॉर्मवर गाव दिसत नाही," म्हणायचे. एकदा मी विचारलं, एवढं कशाला? तर म्हणाले, "आमच्या वस्तीतल्या विहारात पुस्तकांचं एक कपाट होतं. कुणी दिलं, आजवर माहीत नाही. पण कुणीतरी येऊन बघून गेलं असणार."

उत्तरेकडच्या एका गावाची लायब्ररी फायर स्टेशनमागच्या खोलीत होती. डोरोथी नावाच्या म्हाताऱ्या बाई ती एकट्या चालवायच्या. घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना पुस्तकं पोचवायला त्यांना व्हॅन हवी होती. अर्ज तीनदा अर्धवट आला. काका गेले, समोर बसून प्रश्न विचारत राहिले, आणि बाईंनी तो स्वतःच्या हातानं पुरा केला. व्हॅन मिळाली.

पण ती ग्रँट सुरुवातीपुरतीच होती. पुढचा खर्च गावानं बघायचा. गावानं मतदानात लायब्ररीचा कर नाकारला. काकांनी मुदतवाढ मागून पाहिली. तोवर कायदा बदलला होता, पैसा कॉम्प्युटर आणि नेटवर्ककडे वळला होता. नकाराचं पत्र काकांनाच लिहावं लागलं. ते पोस्टानं न पाठवता घेऊन गेले. सोबत मी.

बाईंनी पत्र वाचलं आणि व्हॅनची किल्ली उचलली. घरोघरची पुस्तकं परत आणायची होती; आम्हीही सोबत निघालो. शेवटच्या घरी व्हीलचेअरमधल्या आजोबांनी विचारलं, "आता पुढची फेरी कधी?"

काका म्हणाले, "व्हॅन आता येणार नाही."

आजोबांनी पुस्तक सोडलं नाही. "चाळीसेक पानं राहिलीत."

"वाचा. आम्ही थांबतो."

आम्ही तिघं व्हॅनमध्ये बसलो. मला वाईट वाटायला हवं होतं. पाय गार पडलेत, एवढंच कळत होतं. दीड तासानं दार उघडलं. आजोबांनी पुस्तक दिलं, थँक यू म्हणाले, दार लावून घेतलं. परतताना काकांनी एकदाच विचारलं, "गाडीत पेट्रोल आहे ना?"

वर्षभरात ते रिटायर होऊन शिकागोला मुलीकडे गेले. फोन कमी होत गेले. मग एका दुपारी ऑफिसात त्यांच्या मुलीचा फोन आला. "बाबा गेले," एवढं मराठीत म्हणाली. पुढचं इंग्रजीत: फ्यूनरलला मला बोलायचंय, बाबा तिथे नेमकं काय करायचे?

"लायब्रऱ्यांना फेडरल ग्रँट वाटायचे."

ती लिहून घेत होती. "ओके. अजून काही?"

"नाही," मी म्हटलं. "एवढंच."