वजनाला चोख उतरलेली पेटी

मिस्त्री बोलायला कडू आणि कामाला चोख, असं कारखान्यातले लोक म्हणायचे, आणि त्यातलं पहिलं जरा जास्तच हौसेने म्हणायचे. कारखान्याचा जो माल सीमेपलीकडे जायचा तो लाकडी पेट्यांतून, आणि त्या पेट्या करायचा मिस्त्री. पगाराच्या दिवशी त्याचं खरं नाव पुकारलं की तो स्वतःच क्षणभर इकडेतिकडे बघायचा.

त्याचा एक हट्ट होता. पेटी ठोकायच्या आधीच तो फळ्या, खिळे, आतला माल आणि भरायचा भुसा या सगळ्यांचं वजन धरायचा, पेटीवर काळ्या रंगाने आकडा घालायचा आणि मगच ती काट्यावर चढवायचा. काटा त्याच्या आकड्याशी येऊन उभा राहिला की मिस्त्री कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवायचा. एवढाच त्याचा आनंदोत्सव. आकडा चुकला तर त्या दिवशी त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

पेट्या आधी कस्टमच्या आवारात जायच्या. तिथे क्रेनखाली उभं राहून पेटीला साखळी घालायचं काम हुकवाल्याचं. हा गडी मिस्त्रीच्या अगदी उलट. तोंड एकदा सुरू झालं की समोरच्याला जांभई आली तरी थांबायचा नाही. मिस्त्री प्रत्येक पेटीबरोबर आवारात जायचा, कारण तपासायला उघडलेली पेटी दुसऱ्या कुणी ठोकलेली त्याला खपायची नाही. दुपारचा डबा मग दोघे मिळून खायचे. एकजण बोलायचा, एकजण चावायचा, असं त्यांचं वर्षानुवर्षं झकास जमलं होतं.

आवाराचा नियम असा, की पेटी आधी वीतभर उचलायची, थांबायचं, लाकूड कुरकुरतंय का ऐकायचं आणि मगच वर न्यायची. हुकवाला हा नियम सगळ्यांच्या पेट्यांना लावायचा, मिस्त्रीच्या पेट्या सोडून. मिस्त्रीची पेटी आली की क्रेनवाल्याला हात वर करून सरळ ने म्हणायचा. का, असं कुणी विचारलंच तर सांगायचा, की ह्याच्या पेटीची परीक्षा घेतली तर हा रुसेल आणि मग मला डबा एकट्याला खावा लागेल. लोक हसायचे, पण गोष्ट खरी होती. त्या पेट्या कधी तुटल्याच नव्हत्या.

मिस्त्रीला एकच लेक. बायको लवकर गेली, त्यामुळे पोर अर्धी कारखान्याच्या भुशात वाढली आणि अर्धी हुकवाल्याच्या घरी, त्याच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या हाताखाली. पलीकडच्या एका व्यापाऱ्याचा गोदामवाला मिस्त्रीच्या पेट्या सोडवून न्यायला इकडे यायचा. माणूस सरळ, नाकासमोर चालणारा. त्याने लेकीला मागणी घातली. तेव्हा सीमा म्हणजे एक आडवा दांडा आणि जांभया देणारा एक शिपाई. लग्नात हुकवाला सगळ्यांना सांगत सुटला होता, की मिस्त्रीने आयुष्यात एकच गोष्ट पेटीत न घालता पलीकडे पाठवली.

पुढे लेकीला स्नायू थकत जाण्याचा आजार जडला. आधी हात गळाले, मग पाय, मग छातीला श्वास ओढवेना. छातीत हवा भरणारं एक मशीन तिच्या उशाशी आलं आणि ते चोवीस तास चालू राहिलं. त्या मशिनच्या पोटातला मुठीएवढा पंप मिस्त्रीच्याच कारखान्यात बनलेला होता. मिस्त्रीला त्याचंही समाधान वाटायचं. माणूस दुःखात कशाला धरून बसेल, काही सांगता येत नाही.

मग दोन देशांचं बिनसलं. का बिनसलं ते वरच्यांना ठाऊक. खालच्यांना कळलं ते एवढंच, की काही वस्तू यापुढे सीमेपलीकडे न्यायच्या नाहीत असा सरकारी आदेश निघाला आणि त्यात तो पंपही होता. तो म्हणे लढाईच्या कुठल्याशा यंत्रातही बसतो. बसत असेलही. सरकार दरवेळी खोटंच बोलतं असं नाही. पण खरं बोलतानाही ते एखाद्याच्या छातीवर पाय देऊन उभं राहतं आणि त्याला ते कळतही नाही.

लेकीचा फोन यायचा. आधी ती तोंडभर बोलायची. आता मशीन हवा देईल तेवढंच बोलायची. “बाबा, पंप… घरघरतोय… मधेच… दम खातो,” ती म्हणाली, आणि मिस्त्रीला तिच्या बोलण्याआडून ती घरघर स्वतःच्या कानांनी ऐकू आली. जावयाने तिकडची सगळी दुकानं पालथी घातली होती. पंप नव्हता.

इकडे मात्र तो कुणालाही मिळत होता. मिस्त्रीने भर बाजारातल्या दुकानातून रोख पैसे देऊन एक विकत आणला आणि घरी टेबलावर ठेवला. ठेवायला, चालवायला, दुसऱ्याला भेट द्यायला कसलीच आडकाठी नव्हती. फक्त तो दांडा ओलांडायचा नाही. मिस्त्री कधीकधी तो चालू करायचा, त्याच्या तोंडाशी तळहात धरून बसायचा आणि मग बंद करायचा.

सरळ मार्गाने त्याने जोडे झिजवले. सीमेच्या ऑफिसातल्या मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. आजारी माणसासाठी खास परवाना मिळू शकतो, पण पलीकडच्या सरकारने लिहून द्यायला हवं, असं त्यांनी समजावलं. पलीकडचं सरकार इकडच्या पत्राला उत्तरच देत नव्हतं. “मला कळतंय हो,” मॅडम म्हणाल्या, “पण हा पंप तुमच्या मुलीच्याच मशीनमध्ये बसेल हे मी कशावर धरू?” खिशात नेऊन द्यावा, तर जाणाऱ्या-येणाऱ्याची बुटाच्या तळव्यापर्यंत झडती होत होती.

पिठाच्या गिरण्यांचं सामान मात्र अजून जात होतं. दळायचे लोखंडी रूळ भरलेली एक पेटी जावयाच्याच गोदामात जायची होती. मिस्त्रीने दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही आणि मग सुट्टीच्या दिवशी भर दुपारी एकटाच कारखान्यात गेला. पेटीच्या बुडाखाली दोन जाड वासे असतात, सगळा भार त्यांच्यावर. त्यातला एक त्याने पटाशीने मधोमध कोरला, पंप कापडात गुंडाळून घट्ट बसवला आणि वर लाकडाची चीप अशी लावली की सांधा नखालाही लागू नये.

आता वजन. नव्या आदेशापासून प्रत्येक पेटीचा काटा होत होता आणि जरा फरक आला की पेटी फोडून बघत होते. पंप लाकडापेक्षा जड. म्हणून मिस्त्रीने दुसरा वासाही आतून कोरला, भार भरून निघेपर्यंत कोरला, आणि पोकळी झाकून टाकली. पेटी काट्यावर चढवली. काटा नेमका त्याच्या आकड्याशी येऊन उभा राहिला. मिस्त्रीचा हात सवयीने कानावरच्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच राहिला.

लाकूड किती सोसेल याचाही त्याने विचार केला होता. हुकवाल्याचा हात त्याला पाठ होता. साखळ्या तो वाशांच्या टोकांकडे घालायचा आणि टोकं मिस्त्रीने भरीव ठेवली होती. हुकवाल्याला विश्वासात घ्यावं असं एकदा त्याच्या मनात आलं. पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे साऱ्या आवाराला माहीत, आणि शिवाय पकडलं गेलोच तर आपण एकटे जाऊ, त्याच्या घरादाराला कशाला आत ओढा, असं म्हणून मिस्त्री मूग गिळून बसला. चांगुलपणाच होता तो. त्याच्या सगळ्या चुकांत हीच मोठी ठरली.

आवारात त्या दिवशी क्रेनला नवा लटकता काटा लावला होता. पेटी उचलता उचलताच वजन दिसायचं. काट्याबरोबर साखळ्याही नव्या आल्या होत्या, आणि त्या आखूड होत्या. टोकांपर्यंत पोचेनात. हुकवाल्याने साखळ्यांना दोन शिव्या घातल्या आणि त्या वाशांच्या मधोमध घातल्या, बरोबर पोकळीवर.

मिस्त्रीने ते पाहिलं. मॅडम त्याच्या शेजारीच उभ्या होत्या. “साखळी सरकव जरा,” एवढंच म्हणायचं होतं. हे त्याने हुकवाल्याला आजवर शेकडो वेळा म्हटलं होतं, ओरडून, वैतागून, घास तोंडात असताना. कुणी मान वळवूनही बघितलं नसतं. पण ज्याच्या मनात चोर शिरलाय त्याला साधा शब्दही कबुलीजबाब वाटतो. मिस्त्रीचं तोंड उघडलं, आणि मॅडमनी त्याच्याकडे बघितलं तसं मिटलं. आज मॅडमसमोर तरी हा वीतभर उचलून थांबेल, तेव्हा बोलू, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. हुकवाल्याने पेटीवरचा आकडा पाहिला, मिस्त्रीकडे बघून डोळा मिचकावला, पेटी हलू नये म्हणून एक हात तिच्या कुशीला लावला आणि दुसरा हात सरळ वर केला.

पेटी छातीच्या वर गेली आणि पोकळ वासा मोडला. पेटी कलली, बुडाची फळी सुटली आणि लोखंडी रूळ हुकवाल्याच्या छातीवर आला. तो ओरडलासुद्धा नाही. पाचसहा जणांनी मिळून रूळ बाजूला केला. मिस्त्रीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. दवाखान्याची गाडी आली, आणि फाटकाबाहेर पडायच्या आत सगळं संपलं.

दुपारनंतर मॅडम रडवेल्या डोळ्यांनी म्हणाल्या, की ट्रकांची रांग लागली आहे, ही पेटी तेवढी नीट करून मार्गी लावा. मिस्त्रीने मोडलेल्या वाशाचे तुकडे एकूण एक वेचले आणि पहारेकऱ्यांच्या शेगडीत घातले. दुसरा वासा, पंपाचा, शाबूत होता. पंप इतका घट्ट बसला होता की त्यानेच लाकडाला आधार दिला होता. मिस्त्रीने नवा वासा ठोकला. जमिनीवर पाणी ओतून झाडू फिरवत होते, ते पाणी त्याच्या गुडघ्याखालून वाहत होतं, आणि तो खिळे ठोकत होता. हात थरथरत नव्हते, याचीच त्याला नंतर भीती वाटत राहिली. त्या दिवशी पेटी पुन्हा उचलताना काट्याकडे कुणी बघितलंच नाही.

पंप पोचला. मिस्त्रीने फोनवर आडून सांगितल्याप्रमाणे जावयाने वासा फोडून तो बसवला. लेक सलग वाक्यं बोलायला लागली. मिस्त्रीने तिला हुकवाल्याकाकांबद्दल काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, जरा तब्येत सावरू दे, असं चाललं होतं.

मग चौकशी झाली. खुर्चीतल्या साहेबांनी मिस्त्रीला विचारलं, लाकूड कुणी निवडलं होतं. मी, तो म्हणाला. मग त्यांनी विचारलं, “नियमाप्रमाणे मयताने पेटी वीतभर उचलून थांबवली होती का?”

मिस्त्रीने मनात हिशेब मांडला. खरं सांगावं तर चोरून माल घेतला म्हणून जावई तिकडे तुरुंगात आणि पंप जप्त. लेकीच्या उशाशी पुन्हा ती घरघर.

“नाही,” तो म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं. मयताच्या निष्काळजीपणामुळे अपघात, असा निकाल लागला. निष्काळजी माणसाच्या घरच्यांचं सरकार काही लागत नाही, हे सांगायला वेगळा साहेब होता.

बाहेर बाकावर वहिनी बसल्या होत्या. मिस्त्री त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला, त्याला बसवेना. वहिनींनीच त्याला हाताला धरून बसवलं.

“माझा तुमच्यावर राग नाही, भाऊजी. खरं तेच सांगितलंत. तुमच्या पेटीला हे कधी थांबायचेच नाहीत.”

मिस्त्रीच्या खिशात फोन वाजायला लागला.

“लेकीचा ना?” वहिनींनी विचारलं. “मशिनचं झालं का काही तिच्या?”

“झालं,” तो म्हणाला.

“बरं झालं बाई. ह्यांचा भारी जीव होता तिच्यावर. रोज घरी येऊन चिडायचे, की मिस्त्री काही बोलत नाही. म्हणायचे, एकदा नुसता शब्द टाकला असता त्याने, तर आत काय आहे ते न विचारता पेटी फुलासारखी उचलून पलीकडे ठेवली असती. तुम्ही कधी बोललाच नाहीत.”

फोन थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. घ्या, पोर काळजी करत असेल, वहिनी म्हणाल्या. मिस्त्रीने घेतला. आज मला खिडकीशी बसवलं होतं, छान ऊन होतं, लेक न थांबता सांगत होती, आणि काका जवळपास आहेत का हो बाबा, त्यांना द्या ना जरा, किती दिवसांत त्यांची बडबड ऐकली नाही.

आवाज मोठा होता, बाकावर ऐकू जात होता. वहिनींनी डोळे पुसले आणि फोनसाठी हात पुढे केला.