उलटवलेली कॉलर

परवा कपाट आवरताना सुनेनं माझा एक शर्ट बाजूला काढला. "बाबा, कॉलर विरलीय. टाकून देऊ?" त्या विरलेल्या सुतावरून मी बोट फिरवलं आणि पन्नास वर्षांपूर्वीचा कोल्हापुरातला माझा चौथीचा वर्ग समोर उभा राहिला.

मी तिथं नवा मास्तर होतो. फळ्यावर 'काटकसर' शब्द लिहून मी मुलांना त्याचा वाक्यात उपयोग करायला सांगितलं. हसीना उभी राहिली. तिचे वडील शाळेमागच्या गल्लीत शिंपीकाम करायचे.

"अब्बा जुन्या शर्टाची कॉलर उसवून उलटी शिवत्यात. शर्ट परत नवा दिसतोय. ही काटकसर." मग कौतुकानं म्हणाली, "गुरुजी, तुमच्या अंगावरचाबी तसलाच हाय की!"

सगळा वर्ग हसला. माझे कान तापले.

"चूक. त्याला कंजूषपणा म्हणतात. खाली बस." तिच्या वहीत मी लाल फुलीसुद्धा मारली.

पुढच्या आठवड्यात दुसरा शर्ट घेऊन मी तिच्याच वडिलांकडं गेलो. दुकानात कोळशाच्या इस्त्रीचा वास कोंडला होता. त्यांनी मशीन थांबवलं.

"गुरुजी, पोरगी काटकसरीचा अर्थ चुकली म्हणं. मला काय लिहाय-वाचाय येत न्हाय. तुम्हीच एकदा नीट सांगा की तिला."

"सांगतो," मी म्हणालो. कधीच सांगितलं नाही.

त्यांनी माझा शर्ट उजेडात धरला. "कॉलर उलटवायची न्हवं?"

मी हळूच हो म्हणालो. तेव्हा कोपऱ्यात बटणं लावत बसलेल्या हसीनानं मान वर करून माझ्याकडं बघितलं.