सही बांधते कोणाला

देओलिंदा फुर्तादो तापट बाई आहे, हे अमेरिकेतल्या त्या पोर्तुगीज वस्तीच्या बंदरात कोणीही सांगेल. तिथल्या सरकारी शाळेत ती समुपदेशक. बारावीच्या पोरांचे कॉलेजचे अर्ज तिच्या हाताखालून जातात, आणि कोणी बापाच्या सेक्रेटरीकडून निबंध लिहून आणला तर तो ती त्याच्यासमोर कचऱ्याच्या टोपलीत टाकते. पोरं तिला टरकून असतात, तरी गर्दी तिच्याच दाराशी. मुख्याध्यापक केरिगन यांना याचं कोडं इतक्या वर्षांत सुटलेलं नाही.

गेल्या डिसेंबरात तिचं डोकं जे फिरलं, ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

तिचा सगळ्यात मोठा राग ‘अर्ली डिसिजन’च्या कागदावर. मुलाने नोव्हेंबरातच एका कॉलेजला शब्द द्यायचा, की तुम्ही घेतलंत तर मी तुमच्याकडेच येणार, बाकीचे अर्ज मागे घेणार. खाली मुलाची सही, पालकाची सही आणि समुपदेशकाची सही. असा शब्द देणाऱ्याला प्रवेश जरा लवकर आणि जरा सोपा मिळतो. फीमध्ये सवलत किती, हे मात्र कॉलेज प्रवेश दिल्यावर सांगणार. म्हणजे ज्याच्या घरी पैसा आहे त्याने खुशाल सही ठोकावी, आणि ज्याच्या घरी नाही त्याने डोळे मिटून विहिरीत उडी मारावी. “हा कागद ज्याच्या डोक्यातून निघाला ना, त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा,” असं ती दर वर्षी म्हणते. आणि दर वर्षी सह्या करते, कारण पोरांना जायचं असतं.

त्या वर्षी एकाच नामांकित कॉलेजसाठी तिने दोन सह्या केल्या. एक त्रिस्तान व्हिटकॉम्बच्या कागदावर. त्याचे वडील दातांचे डॉक्टर, शाळा समितीवर बसणारे. दुसरी ओदीलिया रेझेंदेसच्या. तिचा बाप बेल्मिरो, तिच्या भाषेत ‘पाई’, शिंपल्यांच्या बोटीवर जातो. बोट अर्धी त्याची, अर्धी त्याच्या मेव्हण्याची. दोन्ही पोरांना प्रवेश मिळाला. शाळेने दोघांची नावं एकाच केकवर घातली.

मग एका सकाळी ओदीलिया तिच्या खोलीत आली आणि दार लावून उभी राहिली.

“बाई, सवलतीचं पत्र आलं. पुरत नाहीये.”

“किती कमी पडतंय?”

“पाई बोटीतला हिस्सा विकतायत. मासेमारी कंपनीचा माणूस येऊन बघून गेला.”

देओलिंदा खुर्चीतून ताडकन उठली. “विकतायत म्हणजे? तुला सांगितलं होतं ना, आकडा येईपर्यंत दुसरे अर्ज सोडायचे नाहीत? स्टेट युनिव्हर्सिटीचा अर्ज आहे ना जागेवर?”

पोरीने मान हलवली. नव्हता. प्रवेशाची बातमी आली त्याच संध्याकाळी बेल्मिरोने तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून सगळे अर्ज मागे घ्यायला लावले होते. सवलतीचं पत्र तेव्हा वाटेतच होतं. शब्द दिला की मागे वळून बघायचं नाही, असं त्याचं म्हणणं.

देओलिंदाने कपाळावर हात मारला. मग फोन उचलला आणि स्टेट युनिव्हर्सिटीतल्या बाईला धरून बसली. ती बाई म्हणाली, अर्ज पुन्हा उघडता येईल. पण आधीच्या कॉलेजने सोडल्याचं पत्र हवं, आणि तेही नाताळच्या सुट्टीआधी. कॉलेज सोडेल, पैसे पुरत नसले तर त्याला सोडावंच लागतं. फक्त तशी मागणी बापाच्या सहीने जायला हवी.

देओलिंदा कोट अंगात अडकवत असतानाच केरिगन आत आले. मागे डॉक्टर व्हिटकॉम्ब.

“छोटंसं काम होतं,” केरिगन म्हणाले. “त्रिस्तानची गुणपत्रकं आणखी दोन कॉलेजांना जायची आहेत.”

“त्याला प्रवेश मिळालाय. त्याने सही केलीय. मी केलीय.”

“अहो लिंडा,” व्हिटकॉम्ब हसून म्हणाला. तिचं नाव तो नेहमीच असं अर्धं कापतो. “नुसता फॉर्मच तर आहे. पोराला आणखी मोठ्या नावाचं कॉलेज मिळत असेल तर आपण का आड यायचं?”

“फीची अडचण आहे का तुम्हाला?”

“छे! काहीतरीच काय.”

“मग मी एक कागद पाठवणार नाही. आणि माझं नाव देओलिंदा आहे.”

केरिगननी घसा खाकरला. “तुम्ही नाही पाठवलेत तर मी पाठवीन.”

“पाठवा. खाली तुमचं नाव घाला. पुढच्या वर्षी त्या कॉलेजने आपल्या पोरांच्या अर्जांना हात लावला नाही, तर त्यांच्या आयांना उत्तरंही तुम्हीच द्या.”

तिने दार इतक्या जोरात आपटलं, की बाहेर बाकावर बसलेली पोरं उठून उभी राहिली.

रेझेंदेसांच्या घरी बेल्मिरो नुकताच धक्क्यावरून आला होता. त्याची बायको नातेर्सिया चुलीपाशी कोबीच्या पाल्याचं सूप ढवळत होती. देओलिंदाने कोटही न काढता कागद टेबलावर ठेवला.

“बेल्मिरो, इथे सही करा. पोरीला सोडा म्हणून मागायचंय.”

“सही मी केलीय. एकदा केली.”

“ती निस्तरायलाच आलेय मी.”

“बाई, त्या दिवशी मी लिंबू चोळून हात धुतले होते. माशाचा वास त्या कागदाला लागायला नको म्हणून. तुम्ही म्हणताय आता तोंड फिरवू?”

“त्याच कागदावर लिहिलंय, पैसे पुरले नाहीत तर सोडता येतं! ते कलम तुमच्यासारख्यांसाठीच आहे हो!”

“पळवाटा काढणाऱ्यांसाठी आहे. माझ्या बापाने बेटावरून इथे येताना फक्त तोंडचा शब्द आणला, दुसरं काही नाही.” तो टेबलावर बोट आपटत म्हणाला, “त्या दातांच्या डॉक्टरच्या पोरानेही सही केलीय ना? ते सोडा म्हणून मागतायत का? सांगा. ते मागत असतील तर मीही मागतो.”

देओलिंदाच्या जिभेवर उत्तर आलं. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी तिने लिहून दिलं होतं, की एका पोराची गोष्ट दुसऱ्याच्या घरात काढणार नाही. त्या उत्तराने काम एका क्षणात झालं असतं. तिने ते गिळलं.

“दुसऱ्यांचं मी सांगू शकत नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे नाही मागत.” बेल्मिरो मागे टेकून बसला. “बघा.”

मग नातेर्सिया वळली. हातात डाव तसाच, सूप फरशीवर ठिबकतंय.

“शब्द तुझा असेल, बोट माझ्या भावाचीपण आहे! कंपनी आत शिरली की उद्या तो स्वतःच्या बोटीवर हमाल. त्याला विचारलंस? मला विचारलंस? पोरीला तरी विचारलंस?”

“ती माझी पोर आहे—”

“मग तिला विचार! बोट विकून, भाऊ बुडवून मिळालेलं कॉलेज ती तिथे बसून गिळेल कसं?”

बेल्मिरोने दारात उभ्या असलेल्या ओदीलियाकडे पाहिलं. ती रडत नव्हती, नुसती चिडलेली होती. “पाई, मला नको ते,” ती म्हणाली. “असं नको.”

बेल्मिरोने पेन उचललं. या वेळी त्याने हात धुतले नाहीत. सही करून तो सरळ मागच्या अंगणात गेला, आणि देओलिंदा जायला निघाली तरी आत आला नाही.

कॉलेजने पोरीला सोडलं. स्टेट युनिव्हर्सिटीचा अर्ज सुट्टीआधी उघडला, पुढे प्रवेश मिळाला, सवलतही पुरेशी मिळाली. बोट जागच्या जागी राहिली. त्रिस्तानच्या गुणपत्रकांवर केरिगननी सही केली, आणि वसंतात डॉक्टरसाहेबांच्या गाडीच्या मागच्या काचेवर भल्या मोठ्या नावाच्या कॉलेजचं स्टिकर चिकटलं. त्रिस्तानने शब्द मोडल्याबद्दल आधीच्या कॉलेजने शाळेला एक थंडगार पत्र धाडलं. ते केरिगननी फाइलला लावून टाकलं. ते वाचून देओलिंदा दोन वर्ग ऐकतील इतक्या मोठ्याने बोलली, आणि त्याबद्दल तिला लेखी समज मिळाली.

बेल्मिरो मात्र तिला टाळू लागला. चर्चमध्ये ती दिसली की तो दुसऱ्या दाराने निघून जाई. एका रविवारी गोड पाव घ्यायला ती बेकरीत शिरली, तर तो पिशवी घेऊन बाहेर पडत होता. तिने त्याची वाट अडवली.

“बेल्मिरो, माझ्यावर राग आहे का तुमचा?”

“तुमच्यावर कशाला?” तो खाली बघत म्हणाला. “लाज वाटते, बाई. या गावात तो कागद मोडणारा मीच एक निघालो.”

त्याच्या खांद्यामागे, रांगेत, डॉक्टर व्हिटकॉम्ब उभा होता. तो हसून तिला हात करत होता.

देओलिंदाचा आवाज भट्टीपर्यंत गेला. “तुम्ही काही मोडलं नाहीत! ऐकताय? ज्यांनी मोडलाय ना, ते रात्री छान झोपतात आणि रविवारी इथे रांगेत उभे राहून पाव घेतात!”

बेकरीतल्या सगळ्यांनी आपापल्या मागेपुढे पाहिलं. हात खाली घेऊन पावांच्या कपाटाकडे एकटक बघत राहिलेला माणूस एकच होता, आणि बेल्मिरो त्याच्याकडेच बघत होता.