सायकलच्या तारेवरची कार्डं

लस घेऊन येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर बर्फाची पेटी उतरवता उतरवता म्हणाला, "बाई, तुमचे ते रामटेके भाऊ गेले म्हणते. सिरोंच्याकडं. बसची वाट पाहून राह्यले होते, स्टँडवर बसल्या जागीच गेले." मी पेटीतलं थर्मामीटर पाहिलं, बाटल्या तपासल्या, रजिस्टरवर सही केली. मग विचारलं, कधी? चार दिवस होऊन गेले होते. बाहेर लसीकरणाला पोरं घेऊन बायका बसल्या होत्या, त्यामुळे पुढचा विचार सगळं आवरल्यावरच केला. त्याला आता सहा आठवडे झाले. या दिवसांत त्यांच्याविषयी पुष्कळ चांगलं बोललं गेलं, आणि प्रत्येक बोलणारा शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "तेवढी ती कार्डाची भानगड झाली नसती तर..." त्या भानगडीबद्दल लोकांना जे माहीत आहे ते खरं नाही. खरं मला माहीत आहे, म्हणून लिहिते.

देवाजी रामटेके आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आकडेवारीचे कारकून होते आणि मी सिस्टर. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि वरून रोज नवा तक्ता भरून मागत. किती ताप, किती हगवण, किती बाळंतपणं. भाऊ तक्ते भरत आणि चिडत. "सिस्टर, हे सारं वर जाते. खाली काय येते? मागच्या महिन्यात या माणसाले कोणती गोळी देल्ली, हे तरी आपल्याले सांगता येते का?" सांगता येत नव्हतं. मग त्यांनी जुन्या फायलींचे पुठ्ठे एका मापाचे कापले आणि प्रत्येक माणसाचं एक कार्ड केलं. कार्डाच्या कडेनं पंचिंग मशीननं भोकं पाडलेली. एक भोक क्षयाचं, एक गरोदरपणाचं, एक हिवतापाचं. ज्याला जो आजार, त्याचं ते भोक कात्रीनं कडेपर्यंत उघडायचं. मग कार्डांचा गठ्ठा हातात धरून क्षयाच्या भोकातून सायकलच्या चाकाची तार घालायची, गठ्ठा उचलून हलवायचा. क्षयाचे रोगी तेवढे खाली पडत, बाकीचे तारेवर लटकून राहत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला जादूच वाटली होती, पण तसं म्हटलं नाही. म्हटलं, तार गंजेल.

उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातलं भोक लाल शाईनं रंगवलेलं होतं. ते कापलेलं असेल तर त्या माणसाला पेनिसिलिन द्यायचं नाही, ते त्याच्या अंगावर उलटतं.

एवढी कार्डं एकट्यानं होणार नव्हती. रस्त्यापलीकडे हायस्कूल होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की नववी-दहावीतली दहा-बारा पोरं-पोरी आमच्या व्हरांड्यात येऊन बसू लागली. भाऊंनी पहिल्या दिवशी विचारलं, कोणाकोणाले डॉक्टर व्हायचं आहे? सगळ्यांनी हात वर केले. "वा! अन् सारेच डॉक्टर झाले तर रक्त कोण तपासन? औषध कोण मोजन? कोणाले काय झालं होतं हे कोण ध्यानात ठेवन? मी का मरेपर्यंत इथीच बसू?" पोरं हसली. मग त्यांनी एकेकाला सूक्ष्मदर्शकापाशी नेलं, हिवतापाचा जंतू दाखवला, मला बोलावून ड्रेसिंग दाखवायला लावलं. दवाखान्यात काम करणारा माणूस म्हणजे डॉक्टर किंवा झाडूवाला, एवढंच ठाऊक असलेल्या पोरांना मधली सगळी माणसं दिसली. मी कुरकुरत असे, कारण गॉज वाया जायचा.

त्यांत वनिता होती. नववीतली, काटक, अक्षर छापल्यासारखं. ती प्रश्न फार विचारायची. "बाई, नर्सले दहावीले किती टक्के लागते? बाई, नागपूरले राहाची सोय असते का?" मी म्हणायची, आधी नखं काप. पुढच्या शनिवारी नखं कापलेली असायची. भाऊ म्हणत, "सिस्टर, हे पोरगी तुमची खुर्ची घेते पाहा." मला ते आवडायचं.

पावसाळ्याआधी भाऊंनी पोरांना घरोघर पाठवलं, ज्यांची कार्डं झाली नव्हती त्यांची लिहायला. नाव, नवऱ्याचं नाव, वय, मोहल्ला. तलावाच्या पाळीला लागून ढिवरांची घरं आहेत, तिकडे वनिता गेली. एका अंगणात दोन घरं होती, चुलत भावांची. थोरला केशव, धाकटा सदाशिव, आणि दोघांच्याही बायकांचं नाव पार्बता. वनिता धाकट्याच्या पार्बताला विचारते, नवऱ्याचं नाव काय? आता आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. अशा वेळी शेजारीण सांगते. पण तिथे बसलेली दुसरी बाई सदाशिवच्या धाकट्या भावाची बायको, म्हणजे तिचा तो भासरा, थोरला दीर. तिलाही ते नाव घेता येत नाही. पुरुष सगळे जाळी घेऊन तलावात, सासू आणि थोरली पार्बता बाजाराला. दोघी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "तूच ठेव ना माय एखादं नाव!" वनिता कावरीबावरी झाली. भिंतीला रेशनकार्ड लटकलं होतं, दोन्ही घरांचं मिळून एकच, थोरल्या केशवच्या नावाचं. तिनं त्यावरून 'केशव' लिहून घेतलं. हे सगळं तिनंच मला मग सांगितलं.

कार्डांच्या पेटीत पार्बता केशव नावाची दोन कार्डं झाली. जुनं होतं ते खऱ्या केशवच्या बायकोचं, लाल कोपरा कापलेलं. तिला दोन वर्षांपूर्वी पेनिसिलिननं झटका आला होता. वनिता दोन्ही कार्डं घेऊन भाऊंकडे गेली. महिनाअखेर होती, तक्ता पाठवायचा होता. एरवी ते प्रत्येक कार्ड उलटून पाहत. त्या दिवशी त्यांनी मान वर केली नाही. "डबल आहे ना? नवं ठेव, जुनं फाड." तिनं फाडलं.

श्रावणात केशवची पार्बता पाय सुजवून आली. काटा रुतून पू झाला होता. कार्ड निघालं, कोपरा कोरा. डॉक्टर नवे होते, त्यांनी पेनिसिलिन लिहिलं. असं इंजेक्शन देण्याआधी हातावर थेंबभर टोचून वीस मिनिटं वाट पाहायची असते. त्याला आम्ही टेस्ट डोस म्हणतो. बाहेर रांग होती. कार्ड कोरं होतं. मी टेस्ट डोस दिला नाही.

पार्बता वाचली. उताऱ्याला अ‍ॅड्रिनलिन होतं, डॉक्टर हजर होते, नशीब होतं. पण तासभर ती आमच्या हातातून जात होती आणि दारात केशव उभा होता. त्यानं हंबरडा फोडला नाही, एवढंच म्हणाला, "तुम्हीच तं सांगतलं होतं बाई, हिले हे सुई चालत नाई."

ती शुद्धीवर आल्यावर मी केसपेपर घेतला आणि 'टेस्ट डोस दिला, रिअ‍ॅक्शन नाही' असं लिहिलं. भाऊ कागद न्यायला आले. त्यांनी वाचलं. त्या ओळीवर बोट टेकवलं, बोटाला शाई लागली. ती त्यांनी धोतराला पुसली. "वाळू द्या सिस्टर, मंग फाईलले लावतो." याहून जास्त ते कधीही बोलले नाहीत.

चौकशीला वरून साहेब आले. शाळेच्या पोरांना दवाखान्याच्या कागदांना हात लावू दिला कोणी, हाच त्यांचा पहिला प्रश्न. भाऊंनी लिहून दिलं की कार्ड मी स्वतः फाडलं, पोरांचा काही संबंध नाही. वनिताचं नाव कुठेच आलं नाही. माझंही आलं नाही. भाऊंची वेतनवाढ थांबली, बदली सिरोंच्याच्या टोकाला झाली आणि शनिवारचा व्हरांडा बंद पडला. वनितानं मात्र स्वतःला सोडलं नाही. भाऊ तिच्या घरी दोनदा गेले, तिनं दार उघडलं नाही. मी रस्त्यात गाठून म्हटलं, अभ्यास कर, नर्सिंगचा फॉर्म मी आणून देते. "नाई बाई. माझ्या हातानं बाई मरत होती. मले नाई कराचं हे काम." तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं. ते माझ्या तोंडात होतं. मला नोकरी होती, दोन मुलं होती... मी म्हटलं, बघ बाई, विचार कर. दहावीनंतर तिचं लग्न झालं. नवरा राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीत आहे.

चिमूरजवळ भाऊंच्या गावी त्यांच्या मागं बौद्ध रीतीचा जलदान विधी झाला, तिथे ती आली होती. कडेवर पोर. वंदना संपल्यावर माझ्यापाशी येऊन बसली आणि म्हणाली, भाऊंनी माझ्यापायी सिरोंचा भोगला. तेव्हा मी सांगितलं. टेस्ट डोस, केसपेपर, ओली शाई, सगळं. पोरानं तिची बांगडी ओढली, ती तिनं सोडवली नाही.

"भाऊले मालूम होतं?"

"होतं."

"अन् तुम्ही मले तेव्हाच काऊन नाई सांगतलं, बाई?"

मी भ्याले होते, असं सांगितलं. ती उठून जेवणाच्या पंगतीत वाढायला गेली. माझ्या पानात भात वाढताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी जिल्ह्याच्या कार्यालयाला माझा जबाब लेखी पाठवला आहे, त्याची नक्कल तिला राजुऱ्याला. दोन्हीकडून उत्तर नाही. आलं तरी भाऊंना त्याचा उपयोग नाही, आणि तिची ती वर्षं कोणी परत देणार नाही, हे मला कळतं.

बदलीचा हुकूम आल्यावर जायच्या आधी भाऊंना पंधरा दिवस मिळाले होते. ते त्यांनी ढिवर मोहल्ल्यात घालवले. पोरं नव्हती, एकटेच फिरले. प्रत्येक बाईच्या कार्डावर त्यांनी एक नवी ओळ हातानं आखली, आईचं नाव. मी विचारलं, हे कशाला आता? म्हणाले, "नवऱ्याचं नाई घेता येत, भासऱ्याचं नाई, सासऱ्याचं नाई. आईचं घ्याले कोणी अडवलं हाये का?" पुढे त्या कार्डांना वाळवी लागली. छापील केसपेपरवर आजही पती किंवा वडील एवढाच रकाना आहे. आमचे आत्ताचे डॉक्टर म्हणतात, सिस्टर, वेळ जातो. जाऊ दे. मी प्रत्येकीला विचारते, आईचं नाव काय? ती शेजारणीकडे पाहत नाही, पदर तोंडाला लावत नाही, सरळ सांगते. मी ते समासात लिहून घेते. मग पेनिसिलिन द्यायचं असेल तर तिला बाही वर करायला सांगते, थेंबभर टोचते, आणि रांग कितीही असो, वीस मिनिटं घड्याळाकडे पाहत तिच्या शेजारी बसून राहते.