दारामागचा देव

साताऱ्याची शालन भवानीची आराधीण. एकटीच, मूलबाळ नसलेली. चौऱ्याण्णव साली ती नेरूळच्या एका लॉजमध्ये खोल्या झाडायची. तिथे राहिलेल्या क्यूबाच्या खलाशाने तिच्या गळ्यातली कवड्यांची माळ बघून जाताना तिला एक दगडी मुंडकं दिलं. त्याचे डोळे कवड्यांचे, तोंडही कवडीचंच.

"ये एलेग्वा. रास्ता खोलता, बंद करता," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "दरवाजे के पीछे रखना. पहले इसको खाना, बाद में बाकी भगवान."

"पयला मान गनपतीचा! आन देव काय चपलांपाशी ठेवायचा?" शालन घरी येऊन फणकारली. कवड्या म्हणजे भवानीचंच कुणीतरी, असं धरून तिने मुंडक्याला शेंदूर फासला आणि देव्हाऱ्यात गणपतीमागे बसवलं.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी दाराची आतली कडी निघेना. ओढून ओढून हात सोलले. शेवटी तिने मुंडकं दारामागे ठेवलं आणि गणपतीच्या आधी त्याला गूळ दिला. कडी आपोआप सरकली. कडीवर ओल्या शेंदराची बोटं उमटली होती, लहान पोराची.

तेव्हापासून शालन बाहेर जाताना कुलूप लावत नाही; दार ओढून घेतलं की आतून कडी लागते. संध्याकाळी दाराशी येऊन नुसतं "आले रं बाळा" म्हणते, आणि आतून कडी निघते.