दुधीची दाढी

शेवंतीची छाटणी झाली की नाना दोन पावलं मागे सरायचे, डोळे बारीक करून तिच्याकडे बघायचे, आणि मग हातातला गोल आरसा तिच्या पाठीमागे धरून विचारायचे, "मागून बरोबर आहे ना? की अजून थोडं घेऊ?"

शेवंती गप्प. ते गप्प राहणं नाना होकार समजायचे आणि पुढच्या कुंडीला म्हणायचे, "चला, या. बराच वेळ खोळंबलाय तुम्ही."

नाना न्हावी. उभा जन्म कात्री-वस्तऱ्यात गेलेला. दाढी झाली की बोटांच्या मागच्या बाजूने गिऱ्हाइकाच्या गालावरून एकदा हात फिरवायचा आणि म्हणायचं, "गुळगुळीत!" तो शब्द कानावर पडल्याशिवाय गिऱ्हाईक खुर्चीतून उठतच नसे. एकदा नाना शिंकले आणि म्हणायचं राहून गेलं, तर शाळेचे हेडमास्तर तास बुडवून बसून राहिले होते. सगळी गल्ली त्यांना गुळगुळीत नाना म्हणायची, आणि नाना त्या नावावर पदवी मिळाल्यासारखे खूश असायचे.

मग दुकानात तो प्रकार घडला. वाण्याचा जावई खुर्चीत बसलेला, तोंडाला फेस, कानाला मोबाईल. नानांचा वस्तरा नेमका कानाखाली, आणि तिकडून फोनवर कुणीतरी काहीतरी विनोद केला. जावई खदाखदा हसला, मान हलली, कानाच्या पाळीला लागलं. लागलं म्हणजे किती, तर डास चावला असता तरी जास्त रक्त आलं असतं. पण जावयाने असा हंबरडा फोडला की समोरच्या दुकानातला शिंपी हातात टेप घेऊन धावत आला. माप घ्यायला आला की मदतीला, हे त्यालाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

त्या दिवसापासून नानांनी वस्तरा उचलला की हात थरथरायला लागायचा. दुकानात हाताशी असलेल्या चिरंजिवांनी काही दिवस पाहिलं आणि एका संध्याकाळी हळूच म्हणाले, "बाबा, खूप केलंत. आता आराम करा." नानांची जुनी लोखंडी खुर्ची मागच्या अंगणात गेली आणि दुकानात गोल फिरणारी नवी खुर्ची आली. खुर्चीच्या मागोमाग नानाही अंगणात गेले.

आता माणूस नुसता बसणार किती? अंगणात एक वाळकं गुलाबाचं रोप होतं. नाना त्याच्याकडे दोन दिवस बघत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांच्याने राहवेना. "काय ही अवस्था करून घेतलीस!" असं म्हणून त्यांनी त्याच्या बुडाशी पांढरा कपडा गुंडाळला, कात्री काढली आणि वाळक्या फांद्या साफ केल्या. कापलेल्या टोकांना तुरटी चोळली, स्प्रेच्या बाटलीने पाणी मारलं. पुढच्या महिन्यात गुलाबाला कळी आली आणि नानांनी ही बातमी गल्लीभर अशी सांगितली की ऐकणाऱ्यांना वाटलं, घरात नातू झाला.

मग बाग वाढतच गेली. झेंडू आला, शेवंती आली, वांगी, मिरच्या, टोमॅटो, कारली आली. खत कुठलं? तर दुकानातले केस. चिरंजीव रोज संध्याकाळी पोतं भरून द्यायचे आणि नाना ते झाडांच्या मुळाशी पुरायचे. पण उगाच कुठलेही कुठेही नाहीत. वकिलाचे केस मिरचीला. हेडमास्तरांचे कारल्याला. सारखे हसणाऱ्या पेढीवाल्याचे झेंडूला. पोस्टमास्तरांना टक्कल असल्यामुळे नळाजवळचा कोपरा ओसाड होता आणि नाना त्याबद्दल त्यांना कधीच बोल लावत नसत. "देता आलं असतं तर दिलं असतं बिचाऱ्यांनी," एवढंच म्हणायचे.

शिवाय न्हाव्याचं तोंड गप्प कसं बसणार? काम चालू असताना नाना झाडांना गल्लीतल्या सगळ्या भानगडी सांगायचे. कुणाचं कुणाशी बिनसलं, कुणाची सून माहेरी गेली, कुणी कुणाला खिडकीतून काय खुणावलं. बायको धुणं वाळत घालता घालता म्हणायची, "अहो, पुरे. टोमॅटो बघा कसे लाल झालेत."

"अगं, त्यांना आवडतं."

"मला एकदा तरी आरसा दाखवलात का हो पाठीमागून? सगळा जन्म गेला माझा."

"तू कुठे नंबर लावलास?"

सुखाने चाललं होतं. पण एके दिवशी गवंडी आला. त्याने अंगणात पांढऱ्या फक्कीची रेघ मारली. रेघ सरळ वांग्यांच्या मधून गेली.

"बाबा," चिरंजीव म्हणाले, "इथे खोली काढतोय. चेहऱ्याला वाफ देण्याची. आता लोकांना तेच हवंय."

"आणि ही मंडळी?" नानांनी वांग्यांकडे हात केला.

"गच्चीवर नेऊ चार कुंड्या."

नाना उठून घरात गेले. जेवले नाहीत. संध्याकाळी झाडांशीसुद्धा बोलले नाहीत, तेव्हा बायकोच घाबरली. तिने मुलाला स्वयंपाकघरात ओढलं आणि दबक्या आवाजात असं काही झापलं की शेजारच्या तिन्ही घरांना शब्दन्‌शब्द ऐकू आला. शेवटी चिरंजीव बाहेर आले आणि म्हणाले, "बरं बाबा, असं करू. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये फुलांचं आणि भाज्यांचं प्रदर्शन आहे. तुमच्या बागेतल्या कशालाही बक्षिसाची एक फीत मिळू दे. मग वाफेची खोली रद्द. नाही मिळाली तर सोमवारी गवंडी कामाला लागेल. कबूल?"

"कबूल," नाना म्हणाले आणि सरळ दुधीकडे गेले.

मांडवावर एकच दुधी धरला होता, पण काय दुधी! सरळ, लांब, पोपटी. त्याची मान अवघडू नये म्हणून शिंप्याने अस्तराच्या कापडाची झोळी शिवून दिली होती. शिंपी म्हणजे नानांचा जिवलग मित्र. तो दर दोन दिवसांनी टेप घेऊन यायचा आणि दुधीचं माप घ्यायचा. "छाती वाढलीय," म्हणायचा, "पण कंबर त्याहून जास्त. ह्याला सैल कपडा लागेल."

रविवारी पहाटे दुधी वेलीवरून उतरवला. नानांनी तो मुलीची पाठवणी करावी तसा दोन्ही हातांवर घेतला आणि जुन्या लोखंडी खुर्चीत टेकवून बसवला. शिंपी चष्मा पुसून जवळ आला, वाकला आणि म्हणाला, "नाना, हा असाच नेणार?"

"का?"

"अरे, चार माणसांत जायचंय. अंगावर लव बघ केवढी! मी एखाद्या नवऱ्या मुलाला असा मांडवात सोडला असता का?"

नानांनी दुधीच्या अंगावरून बोटं फिरवली. खरंच की. सगळ्या अंगावर बारीक, पांढरी, मऊ लव. इतके दिवस बघत होते, पण असं कुणी बोट ठेवून दाखवलं नव्हतं. साऱ्या गल्लीला गुळगुळीत करणारा माणूस, आणि त्याचा स्वतःचा दुधी असा दाढी वाढवून प्रदर्शनाला जाणार?

नानांनी पेटी उघडली.

त्यांनी दुधीच्या गळ्याला पांढरा कपडा बांधला. ब्रशने साबण फेटून फेस केला, वरपासून खालपर्यंत लावला. पट्ट्यावर वस्तरा परजला. फट्‌फट्‌ आवाज ऐकून बायको दारात आली.

"अहो, हे काय चाललंय?"

"दाढी."

"कुणाची?"

"ह्यांची."

बायकोने दुधीकडे बघितलं, शिंप्याकडे बघितलं आणि तिथेच पायरीवर बसली. न्हाव्याच्या घरात एवढा संसार केलेली बाई, तिला हसावं की रडावं ते कळेना. शेवटी एवढंच म्हणाली, "उलटा हात मारू नका. आग होईल त्याला."

नानांनी वस्तरा टेकवला. सर्रकन एक पट्टा साफ. मग दुसरा. दुधी मान हलवत नव्हता, हसत नव्हता, त्याला फोन येत नव्हता. नाना त्याला वाण्याच्या जावयाची गोष्ट सांगत होते आणि हात आपोआप चालत होता. सगळं झाल्यावर गरम पाण्याचा टॉवेल, मग तुरटी. बोटांच्या मागच्या बाजूने एकदा हात फिरवला.

"गुळगुळीत!"

किती तरी महिन्यांनी तो शब्द त्या घरात निघाला.

हॉलमध्ये लांब टेबलावर ओळीने दुधी मांडले होते. नानांचा दुधी त्यांत असा चमकत होता की लोक त्याच्यात बघून केस नीट करत होते. परीक्षक एक बाई होत्या, शेतकी कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवत आलेल्या, बरोबर आयोजकांचे एक साहेब. बाई प्रत्येक दुधीवर अंगठा टेकवत पुढे येत होत्या. नानांच्या दुधीवर त्यांचा अंगठा घसरला.

"आजोबा, ह्याची लव कुठे गेली?"

"काढली," नाना अभिमानाने म्हणाले.

"काढली म्हणजे?"

"दाढी केली, बाई. आज सकाळीच. घाईत केलेली नाही हो, दोनदा फेस लावून."

आजूबाजूचे लोक जवळ सरकले. बाईंनी चष्मा वर केला. "अहो आजोबा, कोवळ्या दुधीला लव असते. जून व्हायला लागला की ती झडते. आम्ही लव बघूनच तर कोवळेपणा ठरवतो. ज्याला लव नाही, तो जून."

नानांच्या पायाखालची जमीनच सरकली. पण जीभ न्हाव्याची. "बाई, हे तुमचे साहेब सकाळी दाढी करून आलेत. म्हणजे काय ते जून झाले?"

साहेबांचा हात नकळत गालावर गेला.

"हनुवटीखाली राहिलीय," नानांनी तिथूनच सांगितलं. "कुठे करता?"

हॉलमध्ये हशा पिकला. बाईसुद्धा हसल्या. मग त्यांनी दुधीच्या देठाजवळ नख टेकवलं. नानांनी डोळे मिटले. नख लोण्यात जावं तसं आत गेलं.

"कोवळा आहे," बाई म्हणाल्या. "अगदी कोवळा." मग त्यांनी भिंग काढलं आणि दुधी वरपासून खालपर्यंत न्याहाळला. फिरवला, पुन्हा न्याहाळला. "कशाने केलीत?"

"उघड्या वस्तऱ्याने."

"एवढ्या कोवळ्या सालीवर? कुठे ओरखडा नाही. एकसुद्धा नाही." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "पण आजोबा, फळ वेलीवरून उतरवलं तसंच आणायचं, असा नियम आहे. पुसायचं नाही, घासायचं नाही, तेल लावायचं नाही. दाढी करायची नाही असं कुणी लिहिलेलं नाही, कारण असं काही होईल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण मला ती ह्यातच धरावी लागेल."

"बरोबर आहे," नाना हळूच म्हणाले. "नियम तो नियम."

फीत एका प्लंबरच्या वाकड्या, केसाळ दुधीला मिळाली. शिंपी कोपऱ्यात तोंड लपवून उभा होता.

आणि गर्दीच्या मागे चिरंजीव उभे होते. निकाल लागला की गवंड्याला फोन करायचा म्हणून आले होते. ते पुढे आले, दुधी उचलला आणि बोटांच्या मागच्या बाजूने त्याच्यावरून हात फिरवला. देठापासून टोकापर्यंत. पुन्हा एकदा. शेवटी तेही न्हावीच. दुधी पिशवीत घातला आणि वडिलांना स्कूटरवर मागे बसवून घरी आणलं.

रात्री त्याच दुधीची भाजी झाली. नानांनी एकेक घास सावकाश खाल्ला आणि म्हणाले, "चांगला होता हो." भाजीबद्दल म्हणाले की गिऱ्हाइकाबद्दल, कुणी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी नाना वांग्यांपुढे उभे राहून त्यांना समजावत होते, की हे अंगणातलं दुकान बंद होतंय, गच्चीवर ऊन जास्त आहे, पण सवय होईल. गवंडी थापी घेऊन दारात आला. आणि त्याच्या मागून चिरंजीव. दोन दिवसांची दाढी वाढलेली. त्यांनी खिशातला मोबाईल काढून आईच्या हातात दिला आणि मांडवाखालच्या लोखंडी खुर्चीत जाऊन बसले.

"बाबा, दाढी करा."

नानांनी हात पाठीमागे घेतला. "माझा हात..."

"काल बघितला मी तुमचा हात. एकही ओरखडा नव्हता." चिरंजीव मान मागे टेकून म्हणाले, "दुकानात गडबड असते, फोन असतात. इथे नाही. ज्यांना तुमच्याकडूनच करून घ्यायचीय, ते इथे येतील. हेडमास्तर तर मला रोज विचारतात."

"मग खोली?" गवंड्याने विचारलं.

"खोली नको. ह्या खुर्चीखाली चौथरा घाल, पावसाळ्यात पाय चिखलात जातात. आणि त्या वांग्यांना धक्का लावू नकोस."

नानांनी कपडा बांधला. फेस केला. वस्तरा उचलला, आणि सवयीने हाताकडे बघितलं. हात जागच्या जागी होता.

"मान हलवू नकोस," ते म्हणाले. "दुधीने हलवली नव्हती."

बायको पायरीवर बसून बघत होती. गवंडी फक्कीची रेघ पायाने पुसत होता आणि मधूनच स्वतःची दाढी खाजवत होता. ती त्याला म्हणाली, "बसा त्या कुंडीवर. तुमचा नंबर पुढचा. आणि त्याच्या पुढचा माझा. मला पाठीमागून आरसा बघायचाय."

दाढी झाली. टॉवेल झाला, तुरटी झाली. नानांनी बोटांच्या मागच्या बाजूने मुलाच्या गालावरून हात फिरवला आणि थबकले. पुन्हा फिरवला.

"बाबा, म्हणा ना," चिरंजीव डोळे मिटूनच म्हणाले.

"थांब जरा," नाना पुन्हा ब्रश बुडवत म्हणाले. "दुधीइतकी नाही झाली अजून."