भरतातला टोमॅटो

कल्पित लिहिताना लेखकाने कोणते खोटे टाळावे, हा मला पडलेला प्रश्न होता; उत्तर एका मुलाखतीत मिळाले. वांग्याच्या भरतासाठी प्रसिद्ध असलेल्या असोदा गावातील माझे परिचित कादंबरीकार मुलाखतीत प्रत्येक उत्तरापूर्वी चष्मा पुसतात. त्या दिवशी ओट्यावर माझ्यासमोर ते एका पत्रकाराला श्रद्धेविषयी सांगत असताना शेजारच्या अक्का आल्या. गावच्या भरीत-पार्ट्यांना स्वयंपाक त्यांचाच असतो.

"भाऊ, पुस्तकात तुम्ही माझ्या भरतात टमाटा टाकला. असोद्यात असं कोन करतं? आता मला कोन बोलावीन?"

"अक्का, ती बाई कल्पित आहे."

"मंग तिच्या दारात माझं लिंबाचं झाड कसं?"

चष्मा न पुसताच ते पत्रकाराला म्हणाले, "देव आहे का, यावर मी कितीही बोलेन, पण अक्कांचा लौकिक घालवायचा मला अधिकार नाही. हे लिहा."

पुढच्या आवृत्तीतून टोमॅटो गेला. झाड अक्कांच्या संमतीने राहिले. दोन्ही आवृत्त्या वाचकांनी स्वतः ताडून पाहाव्यात.